नाणेघाटातील सातवाहनांचे प्रतिमादालन

आळ्याहून जुन्नर आणि घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर येणारा प्रवासी दगडी रांजणापाशी, म्हणजे परंपरेने जकातीचा मानल्या गेलेल्या पात्रापाशी, छायाचित्र काढून बहुधा परततो. परंतु खालच्या लेण्याची मागील भिंत हे महाराष्ट्रातील एक अतिप्राचीन चित्रदालनच आहे, याची जाणीव थोड्यांनाच असते. या भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या उठावदार शिल्पप्रतिमा कोरलेल्या होत्या आणि आज पावलांच्या अस्पष्ट खुणांपलीकडे त्यांतील फारसे काही उरलेले नसले, तरी वरचे ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील नामपट्टे अजून वाचता येतात: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णी, महारठी (प्रादेशिक सत्ताधीशाची पदवी) त्रणकयिर, कुमार हकुसिरि.

बाजूच्या भिंतींवरील दीर्घ लेखात अश्वमेधासह अनेक यज्ञ आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती व कार्षापण, म्हणजे तत्कालीन नाणी, यांची नोंद असून त्यातील संख्याचिन्हे भारतीय अंकलेखनाच्या जुन्या पुराव्यांत गणली जातात. काळाविषयी मतभेद असले, तरी बहुतेक अभ्यासक हा लेख इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात. राजकुलाने हे दालन राजवाड्यात न उभारता कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या व्यापारी तांड्यांच्या वाटेवर उभारले, ही निवड निव्वळ योगायोगाची वाटत नाही.