हिरड्यांच्या जुन्या दुखण्यावर आपल्याच रक्ताचा उपचार



दात हलू लागला की "वय झालं, टाका काढून" असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. वास्तविक पुष्कळदा दात चांगलाच असतो; ढासळलेले असते ते त्याच्या मुळाभोवतीचे हाड.

दातांवर जंतूंचा चिकट थर रोज बसतो. तो निघाला नाही तर त्याचे कीटण बनते, हिरडी सुजून दातापासून सुटते आणि आतले हाड झिजते. हाच पायोरिया. तो फारसा ठणकत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. तंबाखू व मधुमेह यांनी तो बळावतो.

झिजलेले हाड भरून यावे म्हणून रोग्याचेच रक्त वापरण्याची एक पद्धत फ्रान्समधील डॉ. जोसेफ शुक्रून यांनी २००१ साली मांडली. तिला 'पीआरएफ' म्हणतात. दंडातून १० मिलिलिटरच्या एक-दोन नळ्या रक्त घेतात आणि लगेच यंत्रात १०-१२ मिनिटे गरगर फिरवतात. आपल्या कारखान्यात साखर आणि मळी वेगळी करणारे सेंट्रिफ्युगल मशीन असते, त्याच जातीचे हे यंत्र. मात्र टेबलावर मावणारे. त्यात जाळी नसते. वजनाप्रमाणे थर लागतात. तळाशी लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मध्ये मऊ गाठ. या गाठीत अडकलेल्या प्लेटलेट्स जखम भरून आणणारी द्रव्ये कित्येक दिवस थोडी थोडी सोडत राहतात. डॉक्टर भूल देऊन हिरडी उघडतात, मूळ साफ करतात, ही गाठ हाडाच्या खड्ड्यात बसवून टाके घालतात. एवढ्याशा रक्ताने अशक्तपणा येत नाही.

हाडात खोल खड्डा असेल तिथे नुसत्या शस्त्रक्रियेपेक्षा याने हाड अधिक भरते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण सगळीकडचे हाड सारखेच खाली गेले असेल, तर ते पुन्हा वर येत नाही.

आणि तण न काढता खत घालून काय उपयोग? आधी कीटण काढून घ्यावे, तंबाखू-मिश्री सोडावी, रक्तातली साखर आटोक्यात आणावी. "दात साफ केले की ढिले होतात" हा गैरसमज आहे. कीटणाखाली दडलेला ढिलेपणा तेवढा उघडा पडतो. पुष्कळांचे काम एवढ्यावरच भागते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. एक्स-रे पाहून "माझ्या दाताला याची गरज आहे का, खर्च किती?" हे स्पष्ट विचारावे.

ब्रशला रक्त दिसले की दवाखाना गाठावा. दात हलेपर्यंत थांबू नये.