चिखलातली जीप आणि भक्कम जॅक

पावसाळ्याचे दिवस आहेत. काळ्या मातीच्या शिवारातून जाणारी गाडीवाट भिजून लोण्यासारखी मऊ झाली आहे. अशा वाटेवर सामानाने भरलेल्या एका जुन्या जीपचे मागचे चाक पंक्चर होते. चालक खाली उतरतो, स्टेपनी काढतो, जॅक आसाखाली ठेवतो आणि दांडा फिरवू लागतो. जॅकचा स्क्रू वर चढत असतो, पण जीप काही जागची उचलत नाही. वाकून पाहतो तर काय, जॅकच मातीत खाली चालला आहे! जॅकवर ‘२ टन’ असे ठळक अक्षरांत कोरलेले आहे. सामानासकट जीपचे वजन दीड टनाच्या वर नाही. मग चुकले कोठे?

विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातच आहे. तरफ, स्क्रू, दाब, घर्षण आणि पायथागोरसचा सिद्धान्त एवढ्या शिदोरीवर आडवाटेच्या गाडीसाठी योग्य जॅक कसा निवडावा आणि त्यात कोणती सुधारणा करावी, हे आपल्याला ठरवता येते. त्यात चूक झाली, तर कधी कधी माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

थोडक्या बळात मोठे ओझे

जीप हे वाहन अमेरिकन सैन्यासाठी तयार झाले आणि १९४१ सालापासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळत असल्यामुळे ते रस्ता नसेल तेथेही जाते. पण जेथे रस्ता नाही तेथे जॅक ठेवायला पक्की जमीनही नसते, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते.

आपल्या उदाहरणातील जीपच्या मागच्या एका चाकावर ४५० किलो भार आहे असे समजू. एवढे ओझे एकट्या माणसाला उचलता येत नाही. स्क्रू जॅक ते कसे उचलतो? त्याच्या दोन आट्यांमधील अंतर ६ मिलिमीटर आणि दांड्याची लांबी ३० सेंटिमीटर आहे असे धरा. दांडा एकदा पूर्ण फिरवला की हाताचा प्रवास सुमारे १८८ सेंटिमीटर होतो आणि ओझे मात्र फक्त ६ मिलिमीटर वर जाते. म्हणजे हाताचा प्रवास ओझ्याच्या प्रवासाच्या सुमारे ३१४ पट झाला. घर्षण मुळीच नसते, तर दीड किलोपेक्षाही कमी बळ पुरले असते. पण आट्यांमध्ये घर्षण असते. जॅकची कार्यक्षमता २० टक्के धरली, तर सुमारे ७ किलो बळ लागते. तेवढे बळ तुम्हीही सहज लावू शकाल.

८० टक्के श्रम घर्षणात वाया गेले म्हणून हळहळू नका. दांडा सोडल्यावरही ओझे वरच राहते, ते या घर्षणामुळेच. ज्या स्क्रूची कार्यक्षमता ५० टक्क्यांहून अधिक असते, तो दांडा सोडताच ओझ्याच्या भाराने उलटा फिरू शकतो. म्हणून जॅकच्या बाबतीत घर्षण हा आपला पहारेकरीच समजावा.

दुसरा प्रकार तेलाच्या, म्हणजे हायड्रॉलिक जॅकचा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम त्याच्या मुळाशी आहे. या नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली घेतले. न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन याने १८५१ साली सहज नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचे पेटंट मिळवले. समजा, पंपाचा दट्ट्या १ सेंटिमीटर व्यासाचा आणि ओझ्याखालचा ३ सेंटिमीटर व्यासाचा आहे. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून बळ ९ पट होते. दांड्याच्या तरफेने ते आणखी १२ पट झाले, तर एकूण वाढ १०८ पट होते. पंपाचा दांडा त्यामुळे फार हलका चालतो. मात्र येथे ओझे तोलून धरण्याचे काम झडपेकडे आणि सीलकडे असते. सील झिजले की तेल मागे येते आणि गाडी नकळत खाली बसू लागते. शिवाय उभ्या बाटलीसारखा हा जॅक आडवा करून वापरल्यास पंपात तेलाऐवजी हवा शिरू शकते.

‘२ टन’ म्हणजे नेमके काय?

जॅकवर कोरलेला आकडा जॅक स्वतः किती भार सोसेल एवढेच सांगतो, आणि तोही जॅक सरळ उभा व पक्क्या जमिनीवर असताना. जॅकखालची माती किती भार सोसेल, हे त्या आकड्यात नसते. आपल्या चालकाचा घोटाळा येथेच झाला.

हिशेब करून पाहू. जॅकचा तळ १२ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद, म्हणजे १२० चौरस सेंटिमीटर आहे. त्यावर ४५० किलो भार आला की जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला पावणेचार किलो दाब पडतो. फार ओली, मऊ चिकणमाती दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपासच दाब सोसते. मग जॅक खाली जाईल नाही तर काय होईल?

आता जॅकखाली ४० सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद फळी ठेवा. क्षेत्रफळ १६०० चौरस सेंटिमीटर झाले आणि दाब उतरला सुमारे ०.२८ किलोवर. तीच जीप, तोच जॅक आणि तीच माती. पण आता जॅक न खचता उभा राहतो. अर्थात फळी जाड हवी. पातळ फळी मध्यभागी वाकते, तिच्या कडा मातीवर टेकत नाहीत आणि मोठ्या क्षेत्रफळाचा फायदा मिळत नाही. अडीच सेंटिमीटर जाडीच्या दोन टणक फळ्या घ्याव्यात. एकीच्या लाकडाचे तंतू उभे, तर दुसरीचे आडवे राहतील अशा त्या एकमेकींवर बोल्टने आवळाव्यात. वर मध्यभागी लोखंडी पत्रा ठोकावा आणि जॅकचा तळ घसरू नये म्हणून त्याच्या चारही बाजूंनी पट्ट्या लावाव्यात. जॅकमध्ये करावयाची पहिली आणि सर्वांत मोलाची सुधारणा ती हीच.

उंचीचे कोडे

फळीने एक प्रश्न सुटला, पण दुसरा उभा राहिला. हवा भरलेले चाक असताना आसाची नळी जमिनीपासून ३१ सेंटिमीटर उंच आहे असे माना. टायर बसला की ती ९ सेंटिमीटर खाली येते आणि चाक चाकोरीत ६ सेंटिमीटर रुतलेले असल्यामुळे आणखी तेवढीच खाली जाते. उरली १६ सेंटिमीटर जागा. आपला जॅक पूर्ण मिटवल्यावर १८ सेंटिमीटर उंच आहे आणि फळी ५ सेंटिमीटर जाड आहे. एकूण २३ सेंटिमीटर उंचीची वस्तू १६ सेंटिमीटरच्या जागेत कशी बसवणार?

उत्तर सोपे आहे. फळीच्या आकाराचा ८ सेंटिमीटर खोल, सपाट तळाचा खड्डा खणून फळी त्यात बसवावी. यात आणखी एक फायदा होतो. वरचा रबरबाटलेला चिखल निघून जातो आणि खालची माती बहुधा अधिक घट्ट लागते. पण खड्डा केल्यामुळे जॅकला वर जायचे अंतर वाढते, हेही लक्षात घ्यावे. हवा भरलेली स्टेपनी बसण्यासाठी आसाची नळी भोवतालच्या जमिनीपासून २८ सेंटिमीटर वर न्यावी लागेल. फळीचा माथा जमिनीच्या ३ सेंटिमीटर खाली आहे. म्हणजे जॅक ३१ सेंटिमीटरपर्यंत उघडला पाहिजे. म्हणून जॅक विकत घेताना टनांच्या आकड्याबरोबरच दोन उंची विचाराव्यात : मिटलेली किती आणि पूर्ण उघडलेली किती. टनांचा आकडा उचलावयाच्या भाराच्या निदान दुप्पट असावा.

जॅक आसाखाली लावायचा की चॅसीखाली, यालाही महत्त्व आहे. चॅसी आणि आस यांच्यामध्ये पाटे असतात. चॅसी उचलली की आधी पाटे मोकळे होतात, चाक लोंबकळत जमिनीवरच राहते आणि बऱ्याच उंचीनंतर ते सुटते. आस उचलला तर चाक लगेच सुटते. चॅसीच उचलावी लागली, तर आधी मजबूत साखळीने आस चॅसीला बांधून घ्यावा. मग चाकही बरोबर वर येते.

उंच जॅकचा मोह

शेतावर आणि आडवाटेवर वापरला जाणारा एक उंच जॅक असतो. भोके पाडलेल्या लांब पोलादी पट्टीवर तो पिनांच्या आधाराने पायरी पायरीने चढतो. ‘हाय-लिफ्ट’ या नावाचा असा जॅक अमेरिकेत इंडियाना राज्यात १९०५ सालापासून बनत आला आहे. तो गाडी जवळजवळ मीटरभर उचलतो. मग तोच सर्वांत चांगला का मानू नये?

येथे पायथागोरसला विचारू. जीपच्या दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर १२४ सेंटिमीटर आहे. एक बाजू उचलली की गाडी दुसऱ्या बाजूच्या चाकांवर कलते आणि उचललेले टोक सरळ वर न जाता वर्तुळाच्या कमानीत जाते. २० सेंटिमीटर उचलल्यास ते आडव्या दिशेने सुमारे १.६ सेंटिमीटर सरकते. ५० सेंटिमीटर उचलल्यास मात्र सुमारे १०.५ सेंटिमीटर! उंची अडीच पट झाली, तर सरकणे साडेसहा पट वाढले. जॅकचा पाय मातीत एके जागी असतो आणि डोके गाडीबरोबर सरकते, म्हणून जॅक तिरपा होतो. उंच आणि अरुंद पायाची वस्तू थोडी कलताच गडगडते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शिवाय भाराखाली असताना या जॅकचा दांडा हातातून सुटला, तर तो जोराने उसळून जबड्यावर बसू शकतो. त्याला टेकण्यासाठी पोलादी बंपर किंवा चॅसीची भक्कम जागा लागते, हेही विसरू नये. म्हणून गरजेपुरतेच उचलावे. चाक जमिनीपासून चार बोटे सुटले की पुरे.

हँडब्रेक दगा देतो तेव्हा

आता सर्वांत महत्त्वाचे. हँडब्रेक ओढला की गाडी हलणार नाही, असे आपण धरून चालतो. परंतु जुन्या विलीज जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, तो मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्याला आवळतो. तो दांडा डिफरन्शियलमार्फत दोन्ही मागच्या चाकांना जोडलेला असतो. एक चाक अधांतरी झाले की दांडा घट्ट धरलेला असूनही जमिनीवरचे चाक पुढे फिरू शकते, कारण अधांतरी चाक तेवढेच उलटे फिरते. म्हणजे जॅकने चाक उचलले त्या क्षणी हँडब्रेक निकामी झाला! उतारावरची गाडी अशा वेळी जॅकवरून सुटते.

म्हणून गाडी उचलण्यापूर्वी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावावेत. चारही चाकांची जोडणी चालू करून गाडी गियरमध्ये ठेवावी. सामान आणि माणसे खाली उतरवावीत, म्हणजे भारही कमी होतो.

काय करावे, काय करू नये

फळीखेरीज आणखी एक सुधारणा करण्याजोगी आहे. आसाची नळी गोल असते आणि जॅकचा माथा सपाट. माथ्यावर बसणारा, मध्ये खाच असलेला पोलादी तुकडा लोहाराकडून किंवा वर्कशॉपमधून करून घेतला, तर नळी त्या खाचेत बसते आणि घसरत नाही.

मात्र जॅकच्या स्क्रूला, पट्टीला किंवा दट्ट्याला वेल्डिंग करू नये. उष्णतेने पोलादाचे गुण बदलतात आणि ते ऐन वेळी तुटू शकते. दांड्यात लांब पाइप घालून जोर लावू नये. दांडा जड लागतो, याचा अर्थ जॅक आपल्याला ‘भार जास्त झाला’ असे सांगत असतो. मग चाकाभोवतीचा चिखल आधी खणून मोकळा करावा, कारण रुतलेल्या चाकाला चिखल धरून ठेवतो आणि उचलायला त्याच्या भाराहून अधिक बळ लागते.

आणि एक नियम मनावर कोरून ठेवावा. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा शिरू नये. खाली काम करायचेच असेल, तर पक्क्या जमिनीवर लोखंडी घोड्या लावून गाडी त्यांच्यावर टेकवावी. विटा रचू नयेत. वीट वाकून इशारा देत नाही, ती एकदम फुटते.

करून पहा

शाळेच्या आवारात एका परातीत ओल्या चिकणमातीचा जाड थर द्या. त्यावर एक वीट उभी ठेवा आणि किती खोल गेली ते मोजा. मग तीच वीट शेजारच्या नव्या जागी आडवी ठेवा. २३ × ११ × ७ सेंटिमीटरच्या विटेचे उभे टेकणारे क्षेत्रफळ ७७ आणि आडवे २५३ चौरस सेंटिमीटर असते. दोन्ही वेळचे दाब काढा आणि खोलीशी ताडून पहा. नंतर उभ्या विटेखाली आधी पातळ पुठ्ठा आणि मग जाड फळी ठेवून प्रयोग पुन्हा करा.

पुठ्ठा मध्येच वाकून विटेबरोबर खाली जाईल आणि फळी तिला वर धरून ठेवील. वाटेवर अडकलेल्या त्या चालकाला जॅक पुरता भक्कम मिळाला होता. उणी होती ती त्याखालची फळी, हे मग तुम्हाला वेगळे सांगावे लागणार नाही.