इंटरप्रिटेड संगणकभाषा : यंत्राचा वेळ आणि अभ्यासकाचा वेळ

संगणकभाषांची तुलना करताना पायथन मंद व सी वेगवान असा निवाडा वारंवार दिला जातो. तो चुकीचा नाही; अपुरा आहे. प्रोग्रामला लागणाऱ्या एकूण वेळात तो लिहिणाऱ्याचे दिवसही मोजावयास हवेत.

प्रथम मंदपणाचे कारण पाहू जाता असे दिसते की, कंपायलर हा ग्रंथाच्या भाषांतरकारासारखा असून तो संपूर्ण प्रोग्राम आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवतो. इंटरप्रिटर हा दुभाष्या होय. प्रोग्राम चालू असतानाच तो एकेका आज्ञेचा अर्थ लावतो. पायथनचा प्रचलित इंटरप्रिटर मूळ संहितेला प्रथम बाइटकोड नामक मधले रूप देतो, हे खरे. तथापि त्या रूपाचा अर्थ चालतेवेळीच लावला जातो. अधिकचिन्हाच्या दोन्ही बाजूंस संख्या असल्यास बेरीज करावयाची, अक्षरमालिका असल्यास त्या जोडावयाच्या. सी भाषेत अधिकचिन्हाचा अर्थ भाषांतराच्या वेळी एकदाच ठरतो. पायथनमध्ये तो दर खेपेस पडताळावा लागतो. आज्ञेचे आवर्तन कोटी वेळा झाले, की हा भारही कोटी वेळा पडतो.

लिहिणाऱ्यास मात्र याच व्यवस्थेचा लाभ होतो. चलांचे प्रकार आधी घोषित करावे लागत नाहीत, स्मृतीची व्यवस्था भाषाच पाहते व केलेल्या बदलाचा परिणाम तत्काळ दिसतो. लुट्झ प्रेशेल्ट यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच कामासाठी सात भाषांत लिहिलेल्या ८० प्रोग्रामांची तुलना आहे. दूरध्वनी क्रमांकांना कोशातील शब्दांचे रूप देणे, हे ते काम. पर्ल, पायथन आदी भाषांत लेखनास सी, सी++ व जावा यांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ लागला. मात्र या गटातील वेळ लेखकांनी स्वतः कळविलेला होता, हे ध्यानात ठेवावयास हवे. शिवाय एकाच भाषेतील लेखकालेखकांमधील अंतर भाषाभाषांमधील अंतराहूनही बहुधा मोठे आढळले.

निवड कशी करावी? समजा, एक शब्दगणना पायथनमध्ये लिहिण्यास ४ तास व चालविण्यास १ तास लागतो. सी भाषेत लिहिण्यास १२ तास व चालविण्यास २ मिनिटे. एकदाच चालवावयाच्या प्रोग्रामात पायथनचे एकूण ५ तास होतात, सीचे १२ हून किंचित अधिक. नवव्या खेपेस मात्र पारडे फिरते. यंत्र रात्री आपोआप चालणार असेल, तर तो तास अभ्यासकाच्या तासाइतका महाग नाही. उलट, प्रत्येक फलितावर पुढचे पाऊल अवलंबून असेल, तर यंत्राचा मंदपणा अभ्यासकाच्याच खात्यावर पडतो. एका खेपेस दिवस लागू लागला, की गृहीतक पुनः तपासण्याचा उत्साह मावळतो. येथे हानी संशोधनाची होते.

यावर उपाय म्हणून संपूर्ण प्रोग्राम दुसऱ्या भाषेत लिहावा लागतोच असे नाही. डोनाल्ड नुथ यांना १९७१ च्या अभ्यासात आढळले की, फोर्ट्रान प्रोग्रामांचा निम्म्याहून अधिक वेळ सामान्यतः ४ टक्क्यांहून कमी संहितेत खर्च होतो. तो भाग मोजून शोधावा. पुष्कळदा दोष पद्धतीचा असतो : एक लक्ष शब्दांच्या यादीत असलेला शब्द क्रमाने शोधताना सरासरी सुमारे ५०,००० तुलना होतात, तीच यादी पायथनच्या ‘सेट’मध्ये ठेवल्यास मोजक्याच पुरतात. पद्धत निर्दोष असूनही काम मंद असेल, तर तेवढाच भाग सी भाषेत उतरवावा. नमपायसारख्या ग्रंथालयांनी संख्यागणितासाठी हेच केलेले आहे.

तात्पर्य, आधी सुबोध प्रोग्राम लिहावा, मग काल मोजावा आणि जेथे प्रतीक्षा संशोधनास अडविते तेथेच वेगासाठी श्रम वेचावेत.