शकुंतलेची वाट

अचलपूर ते मूर्तिजापूर 76 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर, अशा दोन फाट्यांची नॅरोगेज रेल्वे वऱ्हाडात शकुंतला या नावाने ओळखली जाते. तिच्या दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. भुसावळ–बडनेरा मार्गाचा रूळ 1,676 मिलिमीटरचा. शकुंतलेची रुंदी त्याच्या निम्म्याहूनही कमी. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला अशी गावे घेत पूर्वेला जाणारी गाडी मूर्तिजापूरला थांबते, तिथे हा छोटा रूळ मोठ्या रुळाला येऊन भिडतो. एक फाटा उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडे जातो, दुसरा दक्षिणेला आणि मग आग्नेयेला वळून यवतमाळच्या पठारावर चढतो.

ही रेल्वे आखली ती कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवीत (1861–65) तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे जीआयपीचा, रूळ पूर्णेच्या खोऱ्यातून पुढे सरकत होता. 1867 मध्ये तो नागपूरला पोहोचला. तो सपाटीवरून गेला, त्यामुळे कापसाच्या काही मोठ्या पेठा बाजूला राहिल्या. नांदुऱ्याशेजारच्या जलंबहून खामगावला 1870 मध्ये तेरा किलोमीटरचा फाटा काढला गेला, तो ब्रॉडगेजचाच. त्याच सुमारास बडनेऱ्याहून अमरावतीला दुसरा. या पेठांची उलाढालच एवढी होती की सरकारने हात आखडता घेतला नाही. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव यांच्या वाट्याला मात्र रेल्वे आली ती चाळीसेक वर्षांनी, आणि आली तीही खासगी कंपनीची, अरुंद.

अरुंद रूळ स्वस्त पडतो. भराव कमी रुंदीचा, पूल हलका, वळणे आखूड, जमीन थोडी. वेल्समध्ये पाटीच्या दगडाच्या खाणींसाठी हाच हिशेब आधी झाला होता. 1836 मध्ये सुरू झालेल्या फेस्टिनिऑग रेल्वेचा रूळ तर जेमतेम दोन फुटी होता. तिची आखणी अशी की खाणीपासून बंदरापर्यंत उतार सलग लागावा. भरलेल्या वाघिणी आपल्याच वजनाने खाली यायच्या, आणि रिकाम्या वर ओढून न्यायला घोडे असायचे. शकुंतलेला इतका सरळ उतार कुठला मिळायला! तरी एक गोष्ट जुळते. अचलपूर आणि यवतमाळ ही दोन्ही टोके उंचावर आहेत, मूर्तिजापूर खाली पूर्णेच्या खोऱ्यात. जड माल एकंदरीत उताराने यायचा आणि हलकी गाडी चढाने परतायची. आखणी करणाऱ्यांच्या मनात हे होते की भूगोलाने ते आपसूक जुळवून दिले, कोण जाणे. इंजिनाच्या कोळशाला फायदा झालाच असणार.

किलिक निक्सन ही मुंबईची इंग्रज पेढी. तिने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. नाव ‘मध्य प्रांतां’चे, शकुंतलेचा रूळ मात्र अथपासून इतिपर्यंत वऱ्हाडात. निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेले वऱ्हाड 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले, त्याची ही खूण. मूळच्या मध्य प्रांतात या कंपनीचा जो रूळ होता तो वर्धा जिल्ह्यातला, पुलगाव–आर्वीचा, पस्तीसेक किलोमीटरचा. रूळ कंपनीचा आणि गाडी चालवणार जीआयपी, असा करार होता. पुढे जीआयपीची मध्य रेल्वे झाली, पण करार मुदतीमागून मुदत वाढत राहिला आणि आपल्याच देशात गाडी चालवायला रेल्वे एका कंपनीला पैसे मोजते ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या आवडीची झाली. शकुंतला ‘इंग्रजांची शेवटची गाडी’ म्हणून सांगितली जाते, तेव्हा एवढे विसरले जाते की किलिक निक्सनच पुढे भारतीय मालकीची झाली होती.

उत्तरेचा फाटा मूर्तिजापूर सोडल्यावर लाखपुरीच्या बाजूने पूर्णा ओलांडतो. पुढचा सगळा मुलूख पूर्णेच्या गाळाचा, नजर पोहोचेल तिथवर सपाट. दर्यापूरला लागून असलेल्या बनोशाचे नाव स्थानकाला मिळाले. त्यानंतर अंजनगाव सुर्जी: 1803 च्या डिसेंबरात शिंदे आणि इंग्रज यांच्यातला तह इथे झाला, बाजाराला मात्र ते ठाऊक आहे विड्याच्या पानांसाठी. पथ्रोट मागे टाकून गाडी अचलपूरला थांबायची. हे जुने एलिचपूर, एके काळची वऱ्हाडची राजधानी. सातपुडा इथून हाताच्या अंतरावर दिसतो, पण रूळ डोंगराला शिवत नाही.

दक्षिणेचा फाटा लांबही आणि कठीणही. भडशिवणीवरून कारंजा, म्हणजे लाडांचे कारंजे. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैनांची जुनी गादी म्हणून यात्रेकरू इथे येतात. कंपनीला रस होता तो जिनिंगच्या कारखान्यांत. पुढे अडाण नदीच्या खोऱ्यातला मुलूख, मग दारव्हा मोतीबाग. त्यापुढे लाडखेड, लिंग, लासिना ही छोटी स्थानके घेत गाडी पठारावर चढून यवतमाळला पोहोचायची. मूर्तिजापूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, यवतमाळ साडेचारशेच्या घरात.

नकाशावर हा मार्ग बराच वाकडा दिसतो, कारण तो पेठेमागून पेठ गाठत जातो. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की कापूस बंड्यांतून पेठेत येई. रेच्यावर सरकी वेगळी व्हायची, रुई दाबखान्यात जायची, आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली गठाण बाहेर पडायची, पावणेदोनशे किलोच्या आसपास वजनाची. ही गठाण शकुंतलेच्या वाघिणीत चढे आणि मूर्तिजापूरला उतरे. तिथे रुळांची रुंदी बदलते, म्हणून एकूण एक गठाण हमालांच्या हाताने छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत जायची, आणि मग मुंबईचा रस्ता धरायची. नॅरोगेज बांधताना वाचलेला पैसा असा थोडाथोडा करून मूर्तिजापूरच्या फलाटावर परत खर्च होत होता. खामगावच्या व्यापाऱ्याला हा भुर्दंड नव्हता. त्याची वाघीण जलंबला नुसती दुसऱ्या गाडीला जोडली की झाले.

1923 पासून या रुळावर धावलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन मँचेस्टरला 1921 मध्ये बांधलेले होते. ते 15 एप्रिल 1994 रोजी थांबले आणि डिझेल इंजिन आले. वेग मात्र वाढला नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा भराव सतत डागडुजी मागतो. ती हात राखून होत गेली, आणि गाडी ताशी वीसेक किलोमीटरवर आली. मूर्तिजापूरहून अचलपूरला जायला चार तास.

शेवटच्या काळात ही गाडी जेमतेम सात माणसांच्या भरवशावर चालत होती. बहुतेक स्थानकांवर मास्तर उरला नव्हता, म्हणून तिकीट गार्डच फाडायचा. फाटकांवरही माणूस नसे. रस्ता आडवा आला की गाडी अलीकडे थांबायची. एक जण खाली उतरून फाटक लावायचा, सायकली आणि बंड्या दोन्हीकडे थोपवायचा. गाडी सावकाश पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची. तो फाटक उघडायचा, धावत येऊन डबा पकडायचा, आणि गाडी निघायची. ज्यांना एसटीचे भाडे परवडत नव्हते ते शेतमजूर आणि भाजी विकणाऱ्या बाया तिची वाट पाहत. बाकीचे कधीच सडकेला लागले होते. कापूसही सडकेनेच गेला. ट्रक थेट जिनिंगच्या दारात उभा राहतो आणि वाटेत गठाण उतरवावी लागत नाही.

गेल्या दशकात आधी यवतमाळचा आणि मग अचलपूरचा फाटा बंद पडला. 2016 मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली, सुमारे पंधराशे कोटी रुपयांची. दरम्यान यवतमाळला मोठा रूळ दुसऱ्याच बाजूने येतो आहे: वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. तो पुढे दारव्ह्यावरून जाणार आहे. कारंजा, दर्यापूर आणि अंजनगाव त्या मार्गावर नाहीत. या तीन पेठांना रेल्वे हवी असेल तर ती शकुंतलेच्याच भरावावरून येऊ शकते.