आधी लोहचुंबक, मग पैसे

१९६४ साली पाँटिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचे इंजिन बसवून ‘जीटीओ’ काढली. मसल कारचे पर्व सुरू झाले ते बहुतेकांच्या मते तिथूनच. अमेरिकेत अपघातात ठोकलेली अशी जुनी जीटीओ स्वस्तात दिसली, तर पोचे बघून दचकू नये. फेंडर, मागच्या चाकांवरचे पत्रे नवे बनवून मिळतात. दचकावे ते चकाकणाऱ्या रंगाला! लोहचुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर. छतावर व्हिनाइल असेल तर त्याखाली पाणी साचून गंज धरतो, तोही मुकाट्याने.

या जीटीओची चॅसी बॉडीपासून वेगळी असते. तिचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक आला, तर धडक चॅसीपर्यंत पोचली आहे. चॅसी ओढून सरळ करता येते, पण ते काम गल्लीतल्या डेंटरचे नव्हे.

आणि ओळख? १९६६ पासून १९७१ पर्यंतच्या जीटीओचा कारखान्याने दिलेला ओळख क्रमांक (व्हीआयएन) २४२ ने सुरू होतो. साध्या टेम्पेस्टला जीटीओची चिन्हे चिकटवून विकणारे महाभाग तिथे सापडतात. १९६४-६५ च्या गाड्यांत मात्र हा क्रमांक काहीच सांगत नाही. तिथे कारखान्याची मूळ कागदपत्रेच हवीत. मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’, म्हणजे मोडीत काढल्याचा, शिक्का असेल, तर विमा आणि पुढची विक्री दोन्ही अडतात.