पाळीची तारीख आणि अधिवृक्क ग्रंथी
गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईच्या रक्तातलं कॉर्टिसोल तपासलं, तर आकडा अनेकदा नेहमीपेक्षा चढा येतो आणि घरात काळजी सुरू होते. अशा वेळी कॉर्टिसोल बनवणाऱ्या तिच्या अधिवृक्क ग्रंथी बहुधा ठणठणीत असतात. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त तयार करतं, आणि ते कॉर्टिसोलला धरून ठेवतं. नेहमीच्या तपासणीत हे धरलेलं आणि मोकळं, दोन्ही मिळून मोजलं जातं; पेशींवर काम करतं ते फक्त मोकळं. म्हणूनच डॉक्टर या तपासणीआधी गोळ्या सुमारे ६ आठवडे थांबवायला सांगतात.

प्रोजेस्टेरॉनचं काम मात्र याहून विलक्षण आहे. अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होतं आणि मूत्रपिंडाला मीठ राखायला लावतं. ते ज्या ग्राहींवर बसतं, त्यांवर प्रोजेस्टेरॉनही घट्ट बसतं. मीठ राखायला सांगत नाही, जागा तेवढी अडवतं. अंडं सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं, तेव्हा थोडं सोडियम लघवीवाटे निघून जातं. मग मूत्रपिंड रेनिन सोडतं, त्यातून अँजिओटेन्सिन वाढतं आणि अधिवृक्क ग्रंथी जास्त अल्डोस्टेरॉन बनवू लागते. पाळीआधीच्या पंधरवड्यात दर महिन्याला हे घडतं. गर्भारपणात तर अल्डोस्टेरॉन कितीतरी पटींनी वाढतं, तरी निरोगी गर्भवतीचा रक्तदाब मधल्या महिन्यांत उलट थोडा उतरतो! वाढलेल्या रक्तदाबामागे अल्डोस्टेरॉन आहे का, हे शोधताना शेवटच्या पाळीची तारीख विचारलीच पाहिजे. तपासणीच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना असावा, असं मला फार वाटतं.

रजोनिवृत्तीनंतर अंडाशयाचा लगाम सुटतो आणि पीयूषिका ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक भरपूर येऊ लागतं. अधिवृक्क ग्रंथी सहसा त्याची फारशी दखल घेत नाही. पण १९९९ मध्ये मॉन्ट्रियलच्या आंद्रे लाक्रोआ आणि सहकाऱ्यांनी एका स्त्रीचा आजार नोंदवला. गर्भारपणात तिला कॉर्टिसोल वाढल्याची, म्हणजे कुशिंग सिंड्रोमची लक्षणं दिसत आणि नंतर ओसरत. रजोनिवृत्तीनंतर मात्र ही लक्षणं मुक्कामाला राहिली. तिच्या अधिवृक्क ग्रंथी एलएचला आणि गर्भारपणातल्या एचसीजी या संप्रेरकाला प्रतिसाद देत होत्या. एलएच रोखणारं ल्यूप्रोलाइड हे औषध सुरू केल्यावर तिचं कॉर्टिसोल आटोक्यात आलं आणि दोन्ही ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया टळली.