कॉम्प्युटर स्पीकर की हाय-फाय अ‍ॅम्प्लिफायर? आधी प्रश्न नीट मांडूया

ध्वनी, संगीत किंवा उच्चारशास्त्र असा विषय घेऊन संशोधनाकडे वळणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: "ऐकण्यासाठी साधे कॉम्प्युटर स्पीकर पुरतील, की अ‍ॅम्प्लिफायर आणि वेगळे स्पीकर असा हाय-फाय सेट घ्यावा लागेल?" फेलोशिपच्या पैशातून एकदाच खरेदी करायची असते, म्हणून ही काळजी रास्त आहे. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे येते. उद्या तुम्ही वीस-पंचवीस श्रोत्यांना बसवून त्यांची मतं नोंदवणार. त्या नोंदी ज्या स्पीकरवर घेतल्या, त्याबद्दल तोंडी परीक्षेत कुणी विचारलं, तर "दुकानदार म्हणाला चांगला आहे" हे उत्तर चालणार नाही.

म्हणून हा लेख. निर्णय कसा घ्यायचा ते सांगतोच, पण त्याबरोबर एक साधा खरेदीचा प्रश्न संशोधनाच्या प्रश्नात कसा बदलतो, हेही बघूया.

"कोणतं चांगलं?" या प्रश्नात काय अडचण आहे?

आधी आवाजाचा प्रवास बघा. फाइलमधले आकडे डॅकमध्ये विद्युत संकेत बनतात. तो संकेत अ‍ॅम्प्लिफायर मोठा करतो. क्रॉसओव्हर त्याची खर्ज आणि तार अशी वाटणी करतो. ड्रायव्हर म्हणजे स्पीकरचा पडदा हवा हलवतो. मग खोली त्यात आपली भर घालते आणि शेवटी ते कानापर्यंत पोचतं.

ही साखळी दोन्ही पर्यायांत तीच असते. कॉम्प्युटर स्पीकरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर खोक्याच्या आत बसवलेला असतो, हाय-फाय सेटमध्ये तो वेगळ्या डब्यात असतो. म्हणजे 'आत की बाहेर' एवढाच मूळ फरक. पण आपण तुलना करतो तेव्हा त्याच्याबरोबर आणखी पाच-सहा गोष्टी बदलतात: ड्रायव्हरचा आकार, खोक्याचं वजन, बसण्याचं अंतर, खोली, किंमत, आणि आवाजाची पातळी. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही एक चल बदलला असं समजता, प्रत्यक्षात सहा बदललेले असतात. मग फरक ऐकू आला तरी तो कशामुळे, हे सांगता येत नाही.

शिवाय 'कॉम्प्युटर स्पीकर' हा एकच वर्ग नाही. प्लास्टिकची छोटी जोडीही त्यातच आणि स्टुडिओत वापरतात ते अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरही त्यातच. अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरमध्ये खर्जाच्या आणि तारेच्या ड्रायव्हरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि वाटणी त्याच्या आधीच झालेली असते. त्याला 'कॉम्प्युटरचा स्पीकर' म्हणून नाक मुरडणं बरोबर नाही.

वॅटचा हिशोब स्वतः करून बघा

दुकानात पहिला आकडा कानावर पडतो तो वॅटचा. स्वस्त स्पीकरच्या खोक्यावर पीएमपीओ नावाखाली शेकडो वॅट छापलेले तुम्ही पाहिले असतील. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! तो आकडा कसा मोजायचा याचं एकवाक्यतेचं मानकच नाही. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीचा आकडा.

आता उदाहरण घेऊ. एका मध्यम स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल आहे असं धरा. म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. दोन नियम लक्षात ठेवा: अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबलने चढतो.

टेबलाशी बसलात, स्पीकर ६० सेंटिमीटरवर आहे. तिथे १ वॅटला साधारण ९१ डेसिबल मिळतील. निवांत ऐकण्यासाठी ७५ डेसिबल पुष्कळ झाले. त्याला लागतो वॅटचा सुमारे चाळिसावा भाग. संगीतात अचानक येणाऱ्या ठोक्यांसाठी, समजा तबल्याच्या थापेसाठी, वर २० डेसिबलची जागा ठेवली, म्हणजे शंभरपट शक्ती, तरी हिशोब अडीच वॅटच्या आसपास थांबतो.

आता तोच स्पीकर दिवाणखान्यात ३ मीटरवर ठेवा. अंतर पाचपट झालं, म्हणून शक्ती पंचवीसपट हवी. त्याच ठोक्यांना आता जवळपास ६० वॅट लागतील. खोलीच्या भिंतींवरून परतणारा आवाज मदत करतो आणि स्पीकर दोन असतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी पुरतं. पण मुद्दा लक्षात आला का? अ‍ॅम्प्लिफायर किती मोठा हवा हे ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे तुमचं बसण्याचं अंतर. ब्रँड त्यानंतर येतो.

खोली आणि टेबल: बिल न देता आलेले दोन घटक

होस्टेलची खोली साधारण ३ मीटर लांब असेल, तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ५७ हर्ट्झच्या आसपास ध्वनी अडकून उभा राहतो. एका जागी तो खर्ज घुमतो, दोन पावलं सरकलात की गायब होतो. मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणला म्हणून हे सुटत नाही. उलट मोठ्या स्पीकरमधून तो खर्ज जास्त बाहेर पडतो, म्हणून घुमणंही वाढतं.

टेबलाचीही अशीच गंमत आहे. स्पीकरचा पडदा टेबलापासून १५ सेंटिमीटर उंच, कान ४० सेंटिमीटर उंच आणि दोघांत ७० सेंटिमीटर अंतर असेल, तर थेट येणारा आवाज ७४ सेंटिमीटर चालतो आणि टेबलावर आपटून येणारा ८९ सेंटिमीटर. हा १५ सेंटिमीटरचा फरक ११५० हर्ट्झच्या जवळ दोन्ही लहरी एकमेकींना कमकुवत करायला पुरेसा आहे. मानवी आवाजाच्या दृष्टीने ही ऐन मोक्याची जागा. स्पीकर छोट्या स्टँडवर उचलून कानाच्या रोखाने वळवला, तर हा खड्डा सरकतो आणि बऱ्याचदा उथळही होतो. खर्च नगण्य.

कान काय काय लपवतो

फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आपला कान सगळ्या पट्ट्या सारख्याच ताकदीने ऐकत नाही, आणि ही विषमता आवाजाच्या पातळीनुसार बदलते. आवाज हळू असेल तर खर्ज जास्त हरवतो. म्हणून दोन सेटपैकी जो थोडासा मोठा वाजतो, तो भरीव आणि खुला वाटतो. ऐकणाऱ्याला 'मोठा' असं वाटतच नाही, 'चांगला' वाटतं. दुकानातल्या बऱ्याच तुलना इथेच निकालात निघतात.

दुसरी गोष्ट आपल्या तानपुऱ्यातून समजते. काळी एकला गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. तीन इंची पडद्याचे छोटे स्पीकर तिथपर्यंत जेमतेम पोचतात, किंवा पोचतच नाहीत. तरीही खर्ज 'ऐकू येतो'. कारण १३८, २०७, २७६ असे वरचे स्वरांश स्पीकर वाजवतो, त्यांच्यातलं समान अंतर ६९ आहे हे आपली श्रवणयंत्रणा ओळखते आणि नसलेला मूळ स्वर भरून काढते. थोडक्यात, तुम्हाला स्वर कळला याचा अर्थ स्पीकरने तो वाजवला असा होत नाही. तुमचा अभ्यास स्वर ओळखण्याचा असेल तर छोटा स्पीकर कदाचित निभावेल. पण श्रोत्यांना 'खर्जाचा भरीवपणा किती?' असं विचारणार असाल, तर त्याच स्पीकरवरच्या नोंदी कुचकामी ठरतील.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हरमन कंपनीतल्याच ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर ठेवून. स्पीकर दिसू लागताच मोठ्या आणि महागड्यांचे गुण वाढले, छोट्या स्वस्त संचाचे घसरले. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. इथे तर रोज स्पीकरच्या सहवासात असणारी माणसं होती. तुमचे श्रोतेही वेगळे नसतील, आणि तुम्ही स्वतःही.

निष्पक्ष तुलना कशी करायची?

पहिलं पाऊल पातळी जुळवण्याचं. दोन्ही सेटवर एकच पिंक नॉइज वाजवा आणि कान जिथे असणार तिथे मोबाइल ठेवून ध्वनिमापक अ‍ॅपने वाचन घ्या. मोबाइलचा आकडा खरा असेलच असं नाही, पण एकाच मोबाइलने एकाच जागी दोन्ही मोजले तर त्यांच्यातला फरक कामापुरता कळतो. फक्त दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना असेल तर स्पीकर तोच ठेवा आणि मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवरचा व्होल्टेज जुळवा. ते जास्त नेमकं होतं.

दुसरं पाऊल, प्रश्नाची जात ठरवा. 'फरक ओळखता येतो का?' हा एक प्रश्न. 'कोणता आवडतो?' हा दुसरा. दोन वेगळे स्पीकर जवळजवळ नेहमी ओळखू येतात, तिथे पसंतीचा प्रश्न विचारा. दोन अ‍ॅम्प्लिफायर किंवा दोन डॅक यांच्यासाठी मात्र आधी पहिला प्रश्न. फरकच कळत नसेल तर पसंतीला अर्थ नाही.

तिसरं, झाकून ऐका. मित्राने नाणं उडवून सेट निवडायचा आणि तुम्हाला दिसणार नाही अशा जागी उभं राहून तो लावायचा. एकूण किती वेळा ऐकायचं ते आधीच लिहून ठेवा. १६ वेळांपैकी निव्वळ अंदाजाने १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून थोडी कमी असते. १० पैकी ८ आली तर आपण खूश होतो, पण ती शक्यता ५ टक्क्यांच्या थोडी वरच आहे. आणि हो, 'आज जमलं नाही, उद्या परत करू' असं म्हणत हवा तो निकाल येईपर्यंत चाचणी लांबवायची नाही. आकडेवारीत ती सर्रास होणारी फसवणूक आहे.

याच पद्धतीचा एक गाजलेला प्रयोग मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला आणि तो ओळखा म्हटलं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. यावरून 'फरक कधीच ऐकू येत नाही' असं सिद्ध होत नाही. त्या परिस्थितीत, त्या श्रोत्यांना तो आढळला नाही, एवढंच म्हणता येतं. पण महागड्या डॅकवर अर्धं बजेट घालण्याआधी थांबायला हे कारण पुरेसं आहे.

मग घ्यायचं काय?

बसायचं अंतर हातभर ते मीटरभर असेल आणि खोली लहान असेल, तर अंगभूत अ‍ॅम्प्लिफायर असलेली चांगली जोडी घ्या. त्याच पैशात वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेतलात तर स्पीकरसाठी रक्कम कमी उरते, आणि ऐकू येणारा मोठा फरक स्पीकरमध्येच असतो.

खोली मोठी असेल, तीन मीटरवरून चारजण ऐकणार असतील, किंवा घरी जुना पण धडधाकट अ‍ॅम्प्लिफायर पडून असेल, तर वेगळा सेट घ्या. त्यात एक भाग बिघडला तर तेवढाच दुरुस्त होतो आणि स्पीकर पुढे बदलता येतात. घेताना स्पीकर ४ ओहमचा की ८ ओहमचा आणि अ‍ॅम्प्लिफायरला तो चालतो का, एवढं तपासा.

श्रोत्यांवर प्रयोग करायचा असेल तर तिसरा विचार हवा: पुन्हा तसंच उभं करता येईल का? अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरची जोडी किंवा बंद कपाचा हेडफोन इथे सोयीचा, कारण मधले बदलणारे दुवे कमी. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर घूं असा आवाज येत असेल तर तो बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचा आणि अर्थिंगच्या वळशाचा आहे. बॅटरीवर चालवून बघा, आणि सोय असेल तर बॅलन्स्ड केबल वापरा. काहीही घेतलंत तरी वहीत पहिल्या दिवसापासून लिहा: मॉडेल, अंतर, कोन, कानापाशी मोजलेली पातळी, खोलीची मापं, स्टँडची उंची. हे सगळं पुढे तुमच्या प्रबंधातल्या पद्धतीच्या प्रकरणात जसंच्या तसं जाणार आहे.

आता एक छोटा गृहपाठ. खरेदीला निघण्याआधी कागदावर एकच वाक्य लिहा: "मला अमुक ध्वनी, अमुक अंतरावरून, अमुक खोलीत, अमुक गोष्ट ओळखण्यासाठी ऐकायचा आहे." चारही जागा भरता आल्या तर अर्धा निर्णय झालाच. एखादी भरता आली नाही, तर दुकानात जाऊ नका. आधी गाइडकडे जा, कारण तिथे स्पीकर नव्हे, तुमचा संशोधन प्रश्नच अजून ठरायचा आहे.